ओळखा पाहू, मी कोण?

सहावीच्या अठ्ठावीस मुलींचे 'गाय' या विषयावरचे निबंध वत्सलाबाईंनी टेबलावर ओळीने मांडले आणि शांतपणे मोजणी केली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस निबंधांची सुरुवात 'गाय हा एक अत्यंत उपयुक्त पशू आहे' अशी होती. त्यातली एक मुलगी त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती, तरी तिचाही निबंध तसाच होता.

वत्सलाबाई बी.एस्सी. होत्या. नाशकातल्या मुलींच्या शाळेने त्यांना गणित आणि सृष्टिज्ञान शिकवायला म्हणून हंगामी घेतले होते. पुढे मराठीच्या बाईंचे लग्न झाले आणि मराठीही त्यांच्याकडे आले. इन्स्पेक्टरसाहेबांनी मागच्या भेटीत शेरा मारला होता, 'मुली लिहीत नाहीत, उतरवतात.' तो शेरा शाळेच्या कमिटीला फार लागला. कमिटीचे अध्यक्ष रंगनाथशेठ, तांब्या-पितळेच्या भांड्यांचे व्यापारी, स्वतः शाळेत येऊन सांगून गेले, "बाई, मार्चपर्यंत मुली लिहित्या करा. मग तुमच्या कायम होण्याचं बघू."

वत्सलाबाईंना ते बघणे महत्त्वाचे होते. वर्षभरात कायम झाल्या नाहीत तर नोकरी सोडून सटाण्याला भावाकडे परत जायचे आणि भाऊ दाखवेल त्या स्थळाला हो म्हणायचे, असे घरी ठरले होते. भावाने एक स्थळ बाजूला काढूनही ठेवले होते. त्याची तंबाखूची वखार होती आणि बायको शिकलेली असली तरी त्याची हरकत नव्हती, असे भावाने दोन पत्रांतून कळवले होते.

त्यांनी ही अडचण प्रयोगासारखी हातात घेतली. मुली लिहीत नाहीत याचे कारण त्यांना सांगण्यासारखे काही नाही असे नव्हते. मधल्या सुट्टीत त्यांचा आवाज गोदावरीच्या पलीकडे जात असे. लिहिलेले कुणी वाचत नाही, हे कारण असावे. तेव्हा वाचणारा मिळवून द्यायचा आणि लिहिण्याचा खेळ करायचा. सोमवारी त्यांनी प्रत्येक मुलीला घरून एकेक कोरे पोस्टकार्ड आणायला सांगितले.

"तुमच्या घरातली एक वस्तू निवडा," त्या म्हणाल्या. "ती वस्तू घरच्यांना पत्र लिहिते आहे. तिला काय दिसतं, काय खुपतं, ते सगळं लिहायचं. नाव मात्र लिहायचं नाही. शेवटी लिहायचं, 'ओळखा पाहू, मी कोण?' पत्र खरोखर टपालानं घरी जाईल. घरच्यांनी ओळखेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही."

वर्गात एकदम चुळबूळ सुरू झाली.

"बाई, जात्याला कुठे हात असतात लिहायला?" शेठजींच्या द्वारकीने विचारले.

"हात तुझे. मन त्याचं."

"आणि जात्यानं आईची तक्रार केली तर?"

"जात्याला जे दिसलं ते त्यानं लिहावं."

"मग बाई, एक कार्ड पुरायचं नाही," द्वारकी म्हणाली आणि लगेच खाली मान घालून लिहू लागली.

जहिदाने पानदान घेतले. ओझरच्या कारभारी पाटलांची पुतणी गंगू कंदील झाली. ठकू नावाची एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी पाटा झाली आणि तिचे कार्ड कडेपर्यंत भरून पत्त्याच्या बाजूला वळले. तास संपल्याची घंटा झाली, तरी कुणी उठले नाही. वत्सलाबाईंना वाटले, आपण आयुष्यात एक गोष्ट तरी बरोबर केली.

मंगळवारी मधल्या सुट्टीत त्यांनी कार्डे तपासली. पुण्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना एक सवय लागली होती. बाटलीतला पदार्थ तपासून झाला की बाटलीवरच्या चिठ्ठीचा खालचा कोपरा कात्रीने कापायचा, म्हणजे तीच बाटली पुन्हा तपासली जात नाही. त्यांनी एक कार्ड वाचले, कोपरा कापला. दुसरे वाचले, कोपरा कापला. अठ्ठावीस कार्डे झाल्यावर कापलेले अठ्ठावीस त्रिकोण ओंजळीत गोळा करून केराच्या टोपलीत टाकले आणि गठ्ठा शाळेच्या शिपायाच्या, सोमाच्या, हातात दिला.

"पेटीत टाकून ये."

"समदी?" सोमाला वाचता येत नव्हते, पण कोपरे दिसत होते. त्याने गठ्ठा दोन्ही हातांत धरला आणि पायातल्या वहाणा काढल्या. "बाई, तुमच्या घरचं कुनी...?"

"मुलींच्या घरचं आहे. लवकर जा, टपाल निघेल."

सोमा अनवाणीच गेला.

परगावी कुणी वारले की ते कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडायचा, असले कार्ड घरात घ्यायचे नाही, उंबऱ्याबाहेर वाचून फाडून टाकायचे आणि डोक्यावरून पाणी घ्यायचे, हे नाशकातल्या लहान पोरालाही माहीत होते. वत्सलाबाईंनाही माहीत होते. पण ते माहीत होते सटाण्याच्या घरातल्या वत्सलेला, आणि कात्री होती पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या वत्सलाबाईंच्या हातात. दोघींची त्या दिवशी गाठ पडली नाही.

पोस्टमन गोटीरामची नोकरी पंचवीस वर्षांची. कोपरा फाटलेले कार्ड असले की तो नेहमीसारखा आत टाकून जात नसे. टोपी काढून दारात उभा राही आणि घरातले मोठे माणूस बाहेर येईपर्यंत हलत नसे. बुधवारी त्याच्या पिशवीत अशी सत्तावीस कार्डे निघाली, अठ्ठाविसावे ओझरच्या टपालात गेले होते. पहिल्या दारात तो म्हणाला, "धीर धरा, माई." दहाव्या दारापर्यंत त्याचाच धीर सुटला. विसाव्या दारात त्याला रडताना पाहून घरच्या बाईने आधी त्याला पाणी दिले आणि मग कार्ड घेतले. "माई, एकट्या तुमच्याच घरी नाही," तो उपरण्याने डोळे पुसत म्हणाला. "गावोगाव माणसं चालली आहेत."

दुपारची वेळ. बहुतेक घरांतले पुरुष दुकानावर, शेतावर. बायकांनी कोपरा पाहिला, हंबरडा फोडला आणि कार्ड न वाचताच फाडून गटारात टाकले. मग कोण गेले हे कळायला मार्ग राहिला नाही. तेव्हा प्रत्येक घराने आपापल्या नात्यातले जे माणूस सगळ्यांत म्हातारे किंवा सगळ्यांत आजारी असेल ते धरले. मुली संध्याकाळी घरी आल्या, तो कार्डाचा मागमूस नाही आणि घरात सगळे ओलेत्याने बसलेले. आपले पत्र अजून यायचे आहे, असेच त्यांना वाटले. जिथे पत्र वाचले तरी ते गेलेल्या माणसाचेच बोल वाटले, तिथे मुली घाबरल्या. पत्र मी लिहिले असे म्हणायला एकीने तोंड उघडले, तर गेलेल्या माणसाची थट्टा करतेस म्हणून तिलाच चापटी बसली.

गुरुवारी सहावीच्या वर्गात चार मुली होत्या.

"मोठ्या बाई, चोवीस घरांत सुतक हाय," सोमाने बातमी आणली. "काल एका दुपारी."

मोठ्या बाई म्हणजे हेडमिस्ट्रेस सिंधुबाई. त्यांनी नाशकातला प्लेग पाहिला होता. त्या खुर्चीतून उठल्या त्या साडीचा पदर नाकाला लावूनच. "प्लेग! सोमा, सगळ्या वर्गांत फिनेल ओत. खिडक्या उघड. नको, खिडक्या बंद कर. वत्सलाबाई, तुम्ही शास्त्र शिकलेल्या आहात, उंदीर कुठे पडलाय का ते बघा."

"पण मोठ्या बाई, माणसं नाशकात गेलेली नाहीत," वत्सलाबाई विचार करत म्हणाल्या. "कुणी वणीला गेलं, कुणी येवल्याला, कुणी हरसूलला. चोवीस गावांत चोवीस माणसं एकाच दिवशी जातात, आणि सगळी फक्त सहावीच्याच मुलींची. हे कुठल्याही रोगाच्या नियमात बसत नाही."

"मग कशात बसतं?"

उत्तर जहिदाकडे होते. ती चार हजर मुलींपैकी होती आणि सकाळपासून बाईंना भेटायला तिष्ठत होती.

"बाई, अब्बांनी लगेच ओळखलं!" ती म्हणाली. "मी लिहिलं होतं ना, 'मला सगळे विचारतात, पण चुना संपला की कुणी बघत नाही'? अब्बा हसून हसून लोळले. आजी म्हणाली, 'पानदानाचं खरं आहे, सुनेला सांगा.' पण बाई, पोस्टमन मामा अब्बांच्या गळ्यात पडून का रडले? आमच्यात कुणाला कळलंच नाही." आणि तिने कार्ड पुढे केले.

वत्सलाबाईंनी कार्ड पाहिले. अक्षर सुंदर होते. खालचा उजवा कोपरा नव्हता. काप अगदी सरळ, पंचेचाळीस अंशांचा होता.

आधी त्यांचे कान तापले. मग गाल. मग सगळे अंग तापून एकदम गार पडले. बाहेर सोमा फिनेलची बादली घेऊन वर्गावर्गांतून फिरत होता.

"मोठ्या बाई," त्या म्हणाल्या, "फिनेल थांबवा. हा रोग माझ्या कात्रीतून आला आहे."

त्या दिवशी दुपारी त्या सोमाला बरोबर घेऊन घरोघर निघाल्या. वाक्य त्यांनी मनाशी तयार केले होते: 'आपल्या घरी कुणीही गेलेले नाही, चूक माझी आहे, क्षमा करावी.' तीन भाग, नेमके. पहिल्या घरी एक म्हातारे गृहस्थ केस काढून बसले होते. त्यांनी तीनही भाग ऐकून घेतले आणि डोक्यावरून हात फिरवत विचारले, "मग हे आता कुणासाठी म्हणून सांगू?" वत्सलाबाईंजवळ चौथा भाग नव्हता.

ठकूची आई नवसाबाई. तिचा नवरा रेल्वेत, इगतपुरीला. कार्ड पाहून तिला दुसरे कुणी सुचलेच नव्हते.

"बाई, हा बघा दगड," तिने अंगणातला वरवंट्याएवढा दगड दाखवला. "बांगड्या फोडायला उचललाच होता. मनगट खाली टेकलं होतं. तेवढ्यात हे दारात. म्हनत्यात, 'चहा टाक, आज लवकर सुटलो.'"

वत्सलाबाई त्या दगडाकडे पाहत राहिल्या. डोळ्यांत पाणी आले ते नवसाबाईला दिसू नये म्हणून त्या खाली वाकल्या, तर नवसाबाईला वाटले की बाई पाया पडत आहेत. तीही घाबरून वाकली. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

"अहो, बाईंना उठवा कुनीतरी!" नवसाबाई कपाळ चोळत ओरडली.

आतून नवऱ्याचा आवाज आला, "बाईंना म्हनावं, चहाचं तेवढं हिला सांगून जा. कालपासनं माझ्याकडं नुसती बघत बसलीय, चहा अजून टाकला नाय!"

अठ्ठावीसपैकी सव्वीस घरे अंधार पडेपर्यंत झाली. उरली दोन. ओझरला निरोप धाडला. रंगनाथशेठांच्या दाराला कुलूप होते. सगळे घर सर्व्हिस मोटारीने वणीला द्वारकीच्या आत्याच्या दिवसांना गेले होते.

शुक्रवारी शेठजी परत आले. शनिवारी दुपारी कमिटीची सभा लागली.

कमिटीत बोलणारे दोघेच: रंगनाथशेठ आणि द्राक्षबागाईतदार कारभारी पाटील. वत्सलाबाईंना दाराशी बाकावर बसवले होते. त्या पदर दोन्ही हातांत धरून फरशीच्या चौकोनांकडे पाहत होत्या.

"अहो, ही काय गंमत आहे?" शेठजी म्हणाले. "खेळ म्हणे! घराण्याची अब्रू गेली माझ्या. मी सांगतो, चौकशी करायची ती रीतसर. सकाळी मुलींना वर्गात बसवून घरात काय काय झालं ते लिहून घ्यायला सांगितलं होतं, सिंधुबाई?"

"घेतलं आहे," सिंधुबाई म्हणाल्या. "मी स्वतः वर्गात उभी होते. वत्सलाबाईंना आत येऊ दिलं नाही. तुम्ही म्हणालात तसंच सांगितलं, की खरं लिहा, काही लपवू नका. दोन तास लिहीत होत्या. कागद संपले, म्हणून शेवटी हजेरीचे जुने कागद दिले."

"शाबास. झालेला मनस्ताप कागदावर आला पाहिजे. आमच्या द्वारकीचं आधी वाचा."

सिंधुबाईंनी चष्मा लावला आणि सावकाश वाचायला लागल्या.

"'बुधवारी आमच्या घरी कोपरा फाटलेलं पत्र आलं. बयाआजीनं ते फाडून टाकलं. मग वणीची साळूआत्या गेली असं ठरलं, कारण ती दहा वर्षं आजारी आहे आणि तिचं कुणाशी पटत नाही. बाबा दुकानातून आले. आई म्हणाली, आत्या गेली. बाबा म्हणाले, खात्री करून घेतलीस ना? मग म्हणाले, पानं वाढली असतील तर आधी जेवून घेऊ, पुढं दहा दिवस धड जेवण मिळायचं नाही.'"

शेठजी खोकले. कारभारी पाटलांनी मिशीवर हात ठेवला.

"'दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीनं वणीला गेलो. मोटारीत बाबा गाणं गुणगुणत होते. आईनं डोळे मोठे केले तेव्हा थांबले. वणी जवळ आल्यावर बाबा सगळ्यांना म्हणाले, आता वडाच्या वळणापासून रडायला लागा, आधी रडलात तर दारात पोचेपर्यंत दम राहणार नाही. आम्ही वळणापासून रडायला लागलो. बाबा सगळ्यांत मोठ्यानं रडले. दार आत्यानंच उघडलं. ती म्हणाली, काय रे रंग्या, कोण गेलं? बाबा म्हणाले, तूच.'"

पाटील टेबलावर थाप मारून हसायला लागले. त्यांचे हसणे खोलीत मावेना. "तूच म्हनालं! आरं देवा! शेठ, लय भारी! वळनापासून रडा म्हनं!"

"पाटील, हा चौकशीचा प्रसंग आहे," शेठजी म्हणाले. त्यांचे कान दाराशी बसलेल्या वत्सलाबाईंच्या कानांइतकेच लाल झाले होते. "पुढचं वाचा. गंगूचं. पाटलांच्या पुतणीचं."

पाटलांचे हसणे निम्म्यावर थांबले. "आमच्या घरचं कशाला? आमच्याकडं काय झालं नाय."

"'माझं पत्र कंदिलाचं होतं,'" सिंधुबाई वाचू लागल्या. "'मी लिहिलं होतं, दिवसभर मला खुंटीला टांगता, अंधार पडला की जाळता, तरी मी तुम्हाला सोडून जात नाही. ओळखा पाहू, मी कोण? कारभारीकाकांनी ते अंगणात उभं राहून वाचलं आणि ते खाली बसले. ते म्हणाले, ही आई आहे. मी म्हणाले, काका, हा कंदील आहे. काका म्हणाले, गप, ती आता कंदिलात शिरलीय. मग काका देव्हाऱ्यातल्या, गेलेल्या आजीच्या चांदीच्या टाकापुढं हात जोडून म्हणाले, आई, शेवटच्या दिवसांत तुला दूध मिळालं नाय हे खरं, पण मी सगळ्यांना मांजराचं नाव सांगितलं ते खोटं, मीच पीत होतो...'"

"बास!" पाटील म्हणाले. "बास करा, बाई."

टेबलावर अजून सव्वीस मुलींचे कागद होते. वरच्या कागदावर सिंधुबाईंच्या भाचीचे नाव होते. सिंधुबाईंनी तो अलगद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला.

"हे कागद," शेठजींनी हळू आवाजात विचारले, "पुढं कुठं जातात?"

"चौकशीचे कागद वार्षिक अहवालाला जोडतात. इन्स्पेक्टरसाहेबांकडे."

"आणि चौकशी झालीच नसेल तर?"

सिंधुबाईंनी चष्मा काढून पुसला. "तर हे चौकशीचे कागद नव्हेत. मुलींनी वर्गात बसून लिहिलं, म्हणजे निबंध. निबंध वर्गाच्या बाईंकडे राहतात. पण वर्गाला बाई असायला हवी. बाईंना काढायचं तर कारण लिहावं लागेल, आणि कारणाला कागद जोडावे लागतील."

"चौकशी कशाची?" पाटील म्हणाले. "मी तर इथं आलोच न्हाय. बागेला पानी द्यायचं होतं."

सभेच्या वहीत त्या दिवशी एकच ठराव लिहिला गेला: 'सहावीतील मुली आता स्वतःच्या मनाने लिहू लागल्या आहेत, याबद्दल कमिटी समाधान व्यक्त करते. वत्सलाबाईंस कायम करण्यात येत आहे.' खाली दोघांच्याही सह्या होत्या. पाटलांची जरा वाकडी होती.

वत्सलाबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी सटाण्याला कार्ड लिहायला घेतले आणि तीन ओळींपुढे गेले नाही. केस काढून बसलेले म्हातारे, नवसाबाईचा दगड, गोटीरामचे डोळे पुन्हा पुन्हा आठवत होते. आणि याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या अठ्ठावीस निबंधांचा गठ्ठा घेऊन बसल्या, तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हते. एकाही निबंधाची सुरुवात दुसऱ्यासारखी नव्हती.

सोमवारी शाळा सुटल्यावर रंगनाथशेठ वर्गाच्या दाराशी आले. आत येऊ की नको अशा बेताने उभे राहिले. वत्सलाबाई झटकन उठल्या. दोघांनाही एकमेकांच्या तोंडाकडे पाहणे जमेना, म्हणून दोघेही टेबलाकडे पाहत राहिले.

"सहज आलो होतो," शेठजी म्हणाले. "ते आमच्या द्वारकीचं... किती मार्क दिले?"

"दहापैकी नऊ."

"नऊ?" शेठजींनी कागदाकडे वाकून पाहिले. लाजेतूनही त्यांना थोडा राग आला. "सगळ्या नाशकात असं कुणी लिहिलं नसेल. एक कशाबद्दल गेला?"

"शेवट अपुरा आहे," वत्सलाबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही 'तूच' म्हणालात, त्यावर आत्याबाई काय म्हणाल्या ते तिनं लिहिलं नाही. खरं लिहायचं, काही लपवायचं नाही, असं तिला सांगितलेलं होतं."

टोपी काढून शेठजींनी कपाळावरचा घाम पुसला.

"तिनं लपवलं नाही," ते म्हणाले. "आत्यानं तोंड उघडलं, तसं मीच द्वारकीला अंगणात पिटाळलं. पुढचं तिला ऐकू आलं नाही."

वत्सलाबाईंनी लाल पेन्सिल घेतली, नऊ खोडले आणि दहा केले.